दीपोत्सव आणि कोरी वही

गतवर्षी लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी बेळगावच्या बाजारपेठेतील एका सभासद बंधूंच्या पेढीवर आम्ही गेलो होतो. गादीवर स्वच्छ पांढरी बैठक अंथरलेली होती. चौरंगावर लाल कापडी बांधणीची नवी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी दौत आणि लेखणी, विड्याची पाने, लाह्या-बत्तासे, आणि समईच्या उजेडात चकाकणारी चांदीची नाणी, असा नेहमीचाच मंगल थाट होता. मांडणी पूर्ण होत आली असता घरातील एक तरुण, जो सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे, आपल्या चुलत्यांस म्हणाला, "काका, वही तर कोरी आहे आणि वर्षभर कोरीच राहणार. हिशेब सगळा संगणकात. आपलं वर्षही मार्चअखेर संपतं. मग आपण पूजा करतो ती नेमकी कशाची?"

प्रश्नात उपहास नव्हता. खरी जिज्ञासा होती. काका हसले आणि "पूजा होऊ दे, मग दाखवतो," एवढेच म्हणाले. त्यांनी पुढे काय दाखविले ते आम्ही यथावकाश सांगूच. परंतु हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक पेढीवर कोणी ना कोणी विचारीत आहे, आणि जेथे तो उघड विचारला जात नाही तेथे तो मनात घोळत आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दीपोत्सवाचा, आणि त्यातल्या त्यात वहीपूजनाचा, अर्थ सभासद बंधुभगिनींसमोर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

एक रात्र, अनेक नावे

वसुबारसेस गाय-वासराची पूजा होऊन दिवाळीस प्रारंभ होतो. धनत्रयोदशीस धणे-गुळाचा नैवेद्य, नरकचतुर्दशीस पहाटेचे अभ्यंगस्नान, अमावास्येस लक्ष्मीपूजन, प्रतिपदेस बळिराजाचे स्मरण आणि द्वितीयेस भाऊबीज, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि आपला समाज ज्या ज्या ठिकाणी स्थायिक झाला, तेथील मातीचा रंग या सणास चढला आहे. गोव्यात चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमेचे दहन होते आणि घरोघरी नाना प्रकारचे पोहे होतात. बेळगावकडे मुले मातीचे किल्ले उभारतात आणि पाडव्यास दारापुढे शेणाचे पांडव मांडले जातात. इंदूर-ग्वाल्हेरकडे अंगणात मांडणे रेखाटतात आणि प्रतिपदेस अन्नकूट करतात. वडोदऱ्यास वहीपूजनास 'चोपडापूजन' म्हणतात, आणि तेथील अनेक दुकाने दिवाळीनंतर बंद राहून कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे लाभपंचमीस, मुहूर्ताने उघडतात. हैदराबादेतील मारवाडी पेढ्यांत त्याच वहीस 'बही' म्हणतात.

पंचांगांतही भेद आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात महिना अमावास्येस संपतो, म्हणून आपण या दिवसास आश्विन वद्य अमावास्या म्हणतो. माळव्यात आणि उत्तरेस महिना पौर्णिमेस संपतो, म्हणून तेथील बंधू तीच तिथी कार्तिक कृष्ण अमावास्या म्हणून सांगतात. बेळगावच्या मुलीस इंदूरच्या सासरी गेल्यावर प्रथम या नावाचा गोंधळ वाटतो. पण आकाश एकच असते आणि रात्रही एकच.

आपल्या समाजास ही रात्र आणखी एका कारणाने वंद्य आहे. जैन परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५२७ या वर्षी, याच अमावास्येच्या उत्तररात्री, वयाच्या बहात्तराव्या वर्षी भगवान महावीर पावा येथे निर्वाणास गेले. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, वीर निर्वाण संवत् मोजला जातो. गुजरातेत चालणारा कार्तिकादी विक्रम संवत्सरही त्याच दिवशी बदलतो आणि दोहोंत ४७० वर्षांचे अंतर असते. २०२४ च्या दिवाळीनंतर विक्रम संवत् २०८१ लागला, तेव्हा वीर निर्वाण संवत् २५५१ सुरू झाला. आपण वहीच्या पहिल्या पानावर जो संवत् लिहितो, तो अशा रीतीने एका महापुरुषाच्या निर्वाणापासून मोजलेला काळ आहे, याचा विसर पडता कामा नये.

पावा नगरीतील ती कचेरी

कल्पसूत्रात या प्रसंगाचे वर्णन आहे. त्यातील एक तपशील व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. भगवंतांनी अखेरचा चातुर्मास हस्तिपाल राजाच्या 'रज्जुसभेत' केला, असे तेथे सांगितले आहे. रज्जू म्हणजे दोरी. दोरीने जमीन मोजणारे आणि साऱ्याची नोंद ठेवणारे जे अधिकारी, त्यांची ही कचेरी असावी असे अभ्यासक मानतात. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरात हर्मन याकोबी यांनीही तिला लेखनिकांची कचेरीच म्हटले आहे. सर्वस्वाचा त्याग केलेल्या महात्म्याची अखेरची वसती मोजमापाच्या आणि लेखनाच्या जागी व्हावी, हा योगायोग असेल; पण ज्या समाजाने पुढे लेखणी आणि तराजू हेच आपले साधन मानले, त्याने या योगायोगाकडे आदराने पाहणे स्वाभाविक आहे.

त्या रात्री तेथे जमलेल्या काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी, म्हणजे नऊ मल्ल आणि नऊ लिच्छवी यांनी, ज्ञानाचा प्रकाश मावळला, आता निदान दिव्यांचा प्रकाश करू या, अशा भावनेने दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. दिगंबर परंपरेतही हीच आठवण आहे. पुन्नाट संघाचे आचार्य जिनसेन यांनी शके ७०५ मध्ये, म्हणजे इ. स. ७८३ साली, वर्धमानपूर येथे हरिवंशपुराण पूर्ण केले. हे वर्धमानपूर म्हणजे सौराष्ट्रातील वढवाण असे काही विद्वान म्हणतात, तर काही माळव्यातील बदनावर म्हणतात. त्या ग्रंथात पावेतील दीपमालेचे वर्णन असून तेव्हापासून लोक प्रतिवर्षी 'दीपालिका' साजरी करतात असा निर्देश आहे. आमच्या सीमाभागास तर याहून निकटचा पुरावा लाभला आहे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथील दहाव्या शतकातील जैन शिलालेखात दीपोत्सवातील जिनेंद्रपूजेसाठी तेलाच्या दानाची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात कोणा श्रद्धावंताने तेल दिले आणि ते दगडावर लिहून ठेवण्यासारखे मानले गेले. दानाचीही नोंद चोख असावी, हा आपला संस्कार किती जुना आहे हे यावरून दिसते.

आजही बिहारमधील पावापुरीच्या कमलसरोवरातील जलमंदिरात या दिवशी यात्रेकरूंची दाटी होते आणि दिगंबर मंदिरांतून पहाटे निर्वाणलाडू अर्पण केला जातो. श्वेतांबर बंधू चतुर्दशी-अमावास्येचा दोन दिवसांचा उपवास करून भगवंतांच्या अखेरच्या देशनेचे स्मरण करतात. ती देशना सोळा प्रहर, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, अखंड चालली होती असे मानतात.

गौतम आणि नंदिवर्धन

वहीच्या पहिल्या पानावर 'श्री'ची उतरंड रचून झाल्यावर गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी, बाहुबलींचे बळ आणि कयवन्ना शेठचे सौभाग्य लाभावे, अशी इच्छा लिहिण्याची चाल श्वेतांबर पेढ्यांत आहे. ही नावे आपण सवयीने लिहितो. पण त्यांतील पहिले नाव तेथे का आले, याचा विचार क्वचितच करतो.

इंद्रभूती गौतम हे भगवंतांचे पट्टशिष्य होते. अनेक शिष्यांस केवलज्ञान झाले, पण गौतमांस होईना. कारण गुरूंवरील त्यांचे प्रेम हेच त्यांचे शेवटचे बंधन होते. श्वेतांबर कथेप्रमाणे निर्वाणाच्या वेळी भगवंतांनी त्यांस देवशर्मा नावाच्या ब्राह्मणास बोध करण्याकरिता दूर पाठविले. परतताना वार्ता कळली. गौतमांनी प्रथम शोक केला, मग तो शोकच आपल्या आसक्तीचे रूप आहे हे ओळखले, आणि प्रतिपदेच्या पहाटे त्यांस केवलज्ञान झाले. म्हणजे ज्या पहाटे आपण नव्या वर्षाच्या व्यवहारास आरंभ करतो, ती पहाट सुटण्याची आहे, साठविण्याची नव्हे. जैन परंपरेत या दिवशीची लक्ष्मी म्हणजे मुळात ज्ञानलक्ष्मी आणि मोक्षलक्ष्मी होय. द्रव्यलक्ष्मीस आपण नमस्कार करतो तो तिच्या मागे उभ्या असलेल्या या थोरल्या बहिणींना स्मरून.

भाऊबीजेचीही आपल्याकडे एक हृद्य कथा आहे. भगवंतांचे ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन शोकाने अन्नपाणी सोडून बसले असता, त्यांची बहीण सुदर्शना हिने द्वितीयेस त्यांस आपल्या घरी नेऊन समजाविले आणि जेवू घातले. ज्या घरात त्या वर्षी दुःख झाले आहे, तेथील भावास बहिणीने ओढून नेऊन दोन घास खाऊ घालावेत, हा या दिवसाचा खरा आचार होय. ओवाळणीच्या पाकिटापेक्षा तो अधिक मोलाचा आहे.

वहीची स्थित्यंतरे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वही बदलत आली आहे, हे मान्य केले पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वह्या काही ठिकाणी मोडीत आहेत, काही ठिकाणी महाजनीत. हैदराबादच्या वह्यांत हाली सिक्का रुपये आहेत, तर १९६१ पूर्वीच्या गोव्याच्या वह्यांत पोर्तुगीज रुपिया आणि पुढे एस्कुद आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि आणे-पैचे रकाने गेले. १९५६ च्या कायद्यानंतर क्रमाक्रमाने मण-शेर जाऊन किलोग्रॅम आले.

तरीही त्या काळी दिवाळी ते दिवाळी हेच अनेक पेढ्यांचे हिशेबी वर्ष होते, आणि आयकरासही ते चालत असे. १९८७ च्या दुरुस्तीने ही मुभा गेली, आणि १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. त्यानंतर संगणक आला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे महिन्यामहिन्यास भरावी लागू लागली. दिवाळीच्या रात्री खाते बंद करण्याची व्यावहारिक गरज अशा रीतीने संपली. त्या तरुणाचे म्हणणे यथार्थच होते.

परंतु खाते बंद करणे म्हणजे केवळ बेरीज जुळविणे नव्हते. दिवाळीपूर्वी आठ-दहा दिवस रोजमेळ आणि खतावणी ताडून पाहिली जाई. हमाल, तोलारी, शिंपी, सुतार यांची देणी दारी जाऊन चुकविली जात. कारण त्यांच्या घरीही दिवाळी असे. ज्या कुळाची परिस्थिती खालावली त्याचे येणे किती सोडावयाचे, हे वडील माणसे ठरवीत. धर्मादा खात्यात वर्षभर साठलेली रक्कम पांजरपोळास, पाठशाळेस, दवाखान्यास जाई. मग शिल्लक काढून ती दिव्यासमोर मांडली जाई. मार्चअखेरीचा ताळेबंद आपण सरकारसाठी करतो. हा दुसरा ताळेबंद मनुष्य स्वतःसाठी करीत असे. पहिल्यासाठी कायदा आहे, तपासनीस आहे, दंड आहे. दुसऱ्यासाठी काहीही नाही, आणि म्हणूनच तो सुटत चालला आहे.

कूटलेख

आपल्या दोन्ही आम्नायांस मान्य असलेल्या उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत. ते वाचताना एखाद्या अनुभवी व्यापाऱ्याने ते लिहिले असावेत असा भास होतो. सत्यव्रताच्या दोषांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटा लेख करणे. आणि 'न्यासापहार' आहे, म्हणजे कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे. अचौर्यव्रताच्या दोषांत 'हीनाधिकमानोन्मान' आहे, म्हणजे घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान. आणि 'प्रतिरूपकव्यवहार' आहे, म्हणजे अस्सलात नक्कल मिसळणे, भेसळ करणे.

येथे आम्हांस एक कटु गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे; कारण ही स्मरणिका आपली आपल्यासाठी आहे. व्यापारात कच्ची वही आणि पक्की वही असे शब्द आहेत. कच्च्या वहीवरून पक्की उतरविणे ही जुनी, निर्दोष पद्धत होय. पण जेथे पक्की वही पूजेसाठी आणि सरकारसाठी, आणि कच्ची खऱ्या व्यवहारासाठी, अशी वाटणी होते, तेथे आपण चौरंगावर ठेवतो तो कूटलेखच होय. त्यावर स्वस्तिक काढल्याने तो शुद्ध होत नाही. असे आपल्यांत कधीच घडले नाही असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस नाही. संगणकाने हा दोष निर्माण केला नाही आणि संगणक तो नाहीसाही करणार नाही. तो लेखणी धरणाऱ्या हातातला आहे, आणि आता कळफलकावरील बोटांतला.

सतरा रुपये अडतीस पैसे

पूजा झाली, आरती झाली. मग काकांनी पुतण्यास जवळ बसवून ती कोरी वही उघडली. पहिल्या पानावर 'श्री'ची उतरंड होती. त्याखाली त्यांनी सावकाश एकच ओळ लिहिली. एका शेतकऱ्याचे नाव, गावाचे नाव, आणि जमेस सतरा रुपये अडतीस पैसे.

त्या पेढीचे पूर्वी भुसार मालाचे अडत दुकान होते. १९५१ च्या सुमारास एका शेतकऱ्याने ज्वारी विकून आलेल्या रकमेपैकी सतरा रुपये सहा आणे, "पुढच्या खेपेस नेतो" म्हणून, दुकानी ठेविले. तो पुन्हा आला नाही. निरोप पाठविले तेव्हा तो वारल्याचे कळले. घरचेही कोणी आले नाही. काकांच्या आजोबांनी ती रक्कम दर दिवाळीस जुन्या वहीतून नव्या वहीत ओढली. १९५७ साली नव्या पैशांत रूपांतर करताना सरकारी कोष्टकाप्रमाणे सहा आण्यांचे सदतीस नवे पैसे होत होते. वस्तुतः होतात साडेसदतीस. आजोबांनी अडतीस लिहिले. अर्धा पैसा आपल्याकडे राहू नये, एवढेच त्यामागे कारण होते. त्या वह्या माळ्यावर आहेत. आम्ही त्या रात्री त्यांतील चार-पाच उघडून पाहिल्या; प्रत्येकीत तीच ओळ पहिली आहे, फक्त अक्षर बदलत गेले आहे.

पुतण्या बराच वेळ ते पान पाहत होता. मग म्हणाला, "काका, ऑडिटर तर असली जुनी खाती बंद करायला सांगतात."

"सांगतात ना. कायद्यात येण्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण हे पैसे आपले नाहीत, एवढं वर्षातून एकदा तरी हातानं लिहावं, अशी आजोबांची आज्ञा होती. संगणक ही रक्कम आपोआप पुढे ओढतो रे. पण ओढताना त्याला काही वाटत नाही."

"आणि इतक्या वर्षांचं व्याज?"

काका क्षणभर थांबले. "वारस सापडू देत. मग तेही बघू."

तो तरुण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः त्या गावी जाऊन आला, असे आम्हांस नंतर कळले. गावातील वृद्धांनी सांगितले की ते कुटुंब फार वर्षांपूर्वी इचलकरंजीस मागांच्या कामावर निघून गेले. त्याने तिकडेही चौकशी चालविली आहे. अद्याप पत्ता लागलेला नाही. म्हणून यंदाच्या वहीतही ती ओळ लिहिली जाईल, आणि यंदा ती त्यानेच लिहावी असे काकांनी ठरविले आहे.

सभासद बंधूंस विनंती

आमची विनंती अल्प आहे. दिवाळीस नवी वही अवश्य आणावी, मग वर्षभराचे हिशेब कोठेही असोत. तिच्या पहिल्या पानावर शुभ आणि लाभ लिहिल्यानंतर, आपण ज्यांचे देणे लागतो त्यांची नावे घरातील मुलामुलींकडून लिहवून घ्यावीत. नोकरांची थकबाकी, कारागिराची उरलेली मजुरी, कोणाची विसरलेली ठेव, बोललेले पण न दिलेले दान, जे असेल ते. वर्षभरात त्यांतील जितकी नावे खोडता येतील तितकी खोडावीत, आणि उरलेली पुढील दिवाळीस स्वहस्ते पुढे ओढावीत. ज्याचे एकही नाव लिहावयाचे उरले नाही, त्या भाग्यवंताची वही खुशाल कोरी राहो.

सर्व सभासद बंधुभगिनींस आणि त्यांच्या कुटुंबीयांस दीपोत्सवाच्या व नूतन वीर निर्वाण संवताच्या हार्दिक शुभेच्छा. शुभं भवतु.